गलांड्याचे माहेर

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या निसर्गमंडळाने ‘आपल्या परिसरातील फुले’ या नावाचे एक लहानसे प्रदर्शन भरविले होते. काचेच्या बाटल्यांत पाणी घालून त्यांत फुले मांडली होती आणि प्रत्येक फुलापुढे सुवाच्य अक्षरांत एक चिठ्ठी ठेवली होती. तिच्यावर नाव, कुल आणि शेवटी ‘देशी’ अथवा ‘विदेशी’ असा एक शब्द. गुलबक्षीपुढे ‘विदेशी’ असे लिहून आम्ही बरीच वाहवा मिळविली. गलांड्यापुढे मात्र आम्ही निःशंकपणे ‘देशी’ असे लिहिले होते. दसऱ्याच्या तोरणात जो असतो, देवपूजेच्या परडीत जो असतो, बाजारात टोपल्यांच्या टोपल्या भरून जो येतो, तो परका असेल ही शंका आमच्या मनास शिवलीसुद्धा नाही.

प्रदर्शन पाहावयास शाळेचे एक वयोवृद्ध माजी विद्यार्थी आले होते. त्यांनी ती चिठ्ठी उचलून वाचली आणि विचारले, “मुलांनो, हे फूल देशी, असे तुम्ही कशावरून ठरविले?” आम्ही उत्तर दिले, “ते सगळीकडे दिसते म्हणून.” ते हसून म्हणाले, “सगळीकडे दिसणे हा झाला सध्याचा पत्ता. मी जन्मगाव विचारतो आहे.” आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या दिवशी खजील होऊन आम्ही जो शोध सुरू केला, त्याचा हा वृत्तांत आहे. एखादे रानफूल ओळखावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, आणि फुलाबरोबर त्याचे वसतिस्थानही का ओळखावे लागते, हे या निमित्ताने आम्हांस प्रथमच उमगले.

प्रथम फूल नीट पाहावे

गलांड्याचे शास्त्रीय नाव गेलार्डिया पुल्केला. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात गेयार द शारंतोनो नावाचे एक न्यायाधीश होऊन गेले. ते वनस्पतिशास्त्राचे आश्रयदाते होते. त्यांच्या सन्मानार्थ या प्रजातीस गेलार्डिया हे नाव देण्यात आले. ‘पुल्केला’ या लॅटिन शब्दाचा अर्थ सुंदर, देखणी. गेलार्डिया या नावाचाच आपल्या बाजारात ‘गलांडा’ झाला असावा, असे दोन्ही शब्द एकापुढे एक उच्चारताच कोणासही वाटेल. नावातच परदेशाची खूण होती आणि ती आमच्या कानावरून रोज जात होती!

आता आपण एक गलांडा हाती घेऊ. आपण ज्यास फूल म्हणतो ते वस्तुतः एक फूल नव्हेच. ती अनेक फुलांची दाटीवाटीने बसलेली सभा आहे. शास्त्रज्ञ तिला स्तबक म्हणतात. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, एकदांडी ही सारी याच कुलातील असून सर्वांची रचना अशीच असते. स्तबकाच्या कडेस ज्या रंगीत पाकळ्या दिसतात, त्यांतील प्रत्येक पाकळी म्हणजे एकेक स्वतंत्र किरणपुष्पक होय. मध्यभागी जी तांबूस-करडी गादी दिसते, ती लहान लहान नळीसारख्या बिंबपुष्पकांची बनलेली असते. गलांड्याची किरणपुष्पके बहुधा वंध्य असतात. त्यांच्यापासून बी धरत नाही. कीटकांस बोलावणारी ती नुसती रंगीत पताका आहे. बी धरण्याचे काम मधल्या साध्या दिसणाऱ्या बिंबपुष्पकांचे. दिखाऊ मंडळी कडेला आणि कामकरी मंडळी मध्ये, अशी ही व्यवस्था आहे.

ओळखीच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत. झाड वर्षायू, सुमारे एक ते दोन फूट उंच, बुंध्यापासून फांद्या फुटलेले. खोड व पाने लवदार. पानावरून बोट फिरविले असता खरखर जाणवते. पाने एकाआड एक, लांबट, कडा कधी साध्या तर कधी दंतुर. लांब देठाच्या टोकावर एकच स्तबक. किरणपुष्पके तळाशी तांबडी व टोकाशी पिवळी. आणि सर्वांत महत्त्वाची खूण ही की, प्रत्येकाचे टोक तीन भागांत चिरलेले असते. पाकळ्या गळून गेल्यावर जो गोलसर काटेरी चेंडू उरतो, तो चिमटीने सोडवून पाहावा. पुष्पके ज्या आसनावर बसतात, त्यावर ताठ राठ केस असतात. प्रत्येक फळ केसाळ असून त्याच्या डोक्यावर पातळ, टोकदार खवल्यांचा मुकुट असतो. झेंडूचे आसन उघडून पाहिल्यास ते बोडके आढळते. म्हणजे रंगाने फसगत झाली, तरी हे केस व तो मुकुट फसवीत नाहीत.

या प्रजातीत आणखीही जाती आहेत. गेलार्डिया अरिस्टाटा ही बहुवर्षायू असून तिचे किरण बहुतांशी पिवळे व तळाशी तेवढे तांबूस असतात. अमेरिकेतील लुइस व क्लार्क यांच्या सुप्रसिद्ध सफरीत मेरिवेदर लुइस यांनी दिनांक ७ जुलै १८०६ रोजी रॉकी पर्वतातील कोरड्या टेकड्यांवर तिचा नमुना गोळा केला. पुढे फ्रेडरिक पर्श यांनी १८१४ च्या आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. त्या सफरीतील वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह फिलाडेल्फिया शहरात जतन केलेला आहे. गेलार्डिया सुआव्हिस नावाची आणखी एक सुगंधी जात आहे. तिच्या उघड्या दांड्यावर जो चेंडू येतो, त्यास किरण अगदी आखूड असतात किंवा मुळीच नसतात. बागांतून जी मोठ्या फुलांची रोपे दिसतात, ती पुष्कळदा पुल्केला व अरिस्टाटा यांच्या संकरातून झालेली असतात. तेव्हा बागेतील गलांड्यावरून रानातील गलांड्याचे रूप ठरविणे धोक्याचे आहे.

मग घर पाहावे

येथवर आमचे काम भिंग आणि चिमटा यांवर भागले. परंतु जन्मगाव भिंगातून दिसत नाही. त्यासाठी नकाशा उघडावा लागला.

उत्तर अमेरिका खंडाच्या मध्यभागी, कॅनडापासून खाली टेक्सासपर्यंत, एक अफाट गवताळ प्रदेश पसरलेला होता. फ्रेंच प्रवाशांनी त्यास ‘प्रेअरी’ असे नाव दिले. त्या भाषेत या शब्दाचा अर्थ कुरण एवढाच आहे. आपला गलांडा या प्रदेशाच्या दक्षिण भागातला. टेक्सास, ओक्लाहोमा, न्यू मेक्सिको, कॅन्ससचा काही भाग आणि मेक्सिकोचा उत्तर भाग हे त्याचे माहेर. तिकडे त्याला ‘इंडियन घोंगडी’ अशा अर्थाचे नाव आहे. कारण तेथील मूळ रहिवाशांच्या लाल-पिवळ्या विणीच्या घोंगड्यांची त्याच्या रंगावरून आठवण होते. त्याचे दुसरे नाव ‘अग्निचक्र’ अशा अर्थाचे आहे. ओक्लाहोमा राज्याने १९८६ साली त्याला आपल्या राज्याचे रानफूल म्हणून मान दिला.

या प्रदेशात झाडे न वाढता गवतच का वाढले? याचे पहिले कारण ध्यानात येताच आम्हांस मोठी मौज वाटली. कारण तेच कारण आपल्या दारातही घडताना दिसते. पॅसिफिक महासागरावरून येणारे वारे रॉकी पर्वत चढताना आपले बरेचसे पाणी पश्चिमेस टाकतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. त्यामुळे पर्वताच्या पूर्व पायथ्याशी वर्षाकाठी ३०० ते ४०० मिलिमीटरच पाऊस पडतो. जसजसे पूर्वेस जावे तसतशी दक्षिणेकडील आखाताची ओल मिळून तो वाढत जातो आणि प्रेअरीच्या पूर्व कडेस १००० मिलिमीटरच्या घरात पोहोचतो. म्हणूनच पश्चिमेस आखूड गवत, मध्ये मिश्र गवत आणि पूर्वेस पुरुषभर उंचीचे गवत, असे तीन पट्टे पडतात. आपल्याकडे नैर्ऋत्येचा मोसमी वारा सह्याद्री चढताना आंबोलीस धो धो कोसळतो, बेळगावास मध्यम होतो आणि सौंदत्तीकडे जाईतो त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. पर्वत निराळा, समुद्र निराळा. पण पर्जन्यछायेचा नियम एकच.

दुसरे कारण वणवा. विजेमुळे वणवे पेटत आणि तेथील मूळ रहिवासीही जाणूनबुजून गवत पेटवीत. कारण जळलेल्या जागी कोवळे गवत फुटते आणि त्या गवतावर शिकार येते. वणव्यात झाडाचे रोप मरते. गवताचा वाढीचा अंकुर मात्र जमिनीच्या पोटात सुरक्षित असतो, त्यामुळे ते पुन्हा वर येते. तिसरे कारण बायसन, म्हणजे अमेरिकेतील रानगव्यासारखा अवाढव्य पशू. त्याचे कोट्यवधींचे कळप चरत पुढे सरकत आणि जागोजागी धुळीत लोळून जमीन उघडी पाडीत.

या उघड्या जागा ध्यानात ठेवाव्यात. कारण गलांड्याचे भाग्य त्यांवरच अवलंबून होते. उंच, दाट गवतात त्याच्यासारख्या दोन फुटी वर्षायू झाडाचा निभाव लागत नाही. त्यास वाळूची अथवा चुनखडीची, निचऱ्याची, उन्हाने तापणारी मोकळी जागा हवी असते. दक्षिण प्रेअरीत त्याचे बी शरद ऋतूत रुजते. हिवाळाभर पानांचा एक चपटा झुबका जमिनीस चिकटून बसलेला असतो. थंडी सरताच देठ वर निघतो आणि वैशाख-ज्येष्ठाच्या सुमारास मैलच्या मैल जमीन तांबडी-पिवळी होऊन जाते. उन्हाळा भरात येईतो बी पिकून पडते आणि झाड मरते. मोठ्या अवर्षणाशी झुंजावयास झाड उरतच नाही. अवर्षण सोसते ते बी. भर उन्हाळ्याला टाळून जगण्याची ही युक्ती आहे.

खरे रहिवासीपण कीटकांच्या वागण्यातही दिसते. कोलोरॅडो राज्यात शिनिया मॅसोनी नावाचा एक लहानसा पतंग आढळतो. अरिस्टाटा या जातीची फुले हे त्याच्या अळीचे अन्न. या पतंगाचे डोके व पाठ पिवळी आणि पंख किरमिजी. तो फुलावर अशा बेताने बसतो की, पिवळे डोके पिवळ्या किरणांत आणि किरमिजी पंख मधल्या तांबूस बिंबात मिसळून जातात. तो तेथे आहे हे पाहणाऱ्यास कळतही नाही. आपल्या गलांड्यावरही, त्याच्या माहेरी, शिनिया व्होलुपिया नावाचा त्याचाच भाऊबंद जगतो. फूल व पतंग यांचा असा मेळ दहावीस वर्षांत जमत नाही. त्यास युगे लागतात. आपल्या वाफ्यातील गलांड्यावर मधमाशा येतात, फुलपाखरे येतात. पण ते पाहुणचारापुरते. त्याच्या रंगाचे पंख घेऊन जन्मलेला पतंग येथे नाही. ‘देशी कशावरून?’ या प्रश्नाचे एक उत्तर येथे सापडले. ज्या भूमीत एखाद्या वनस्पतीचे शत्रू, मित्र आणि आश्रित तिच्याबरोबरच घडले, ती तिची मायभूमी.

घर कसे मोडले

हे वाचीत असता आमच्या मनात साहजिकच आले की, कधी काळी तेथे जाऊन तो फुलांचा समुद्र पाहावा. परंतु पुढे जे वाचावयास मिळाले, त्याने मन विषण्ण झाले.

प्रेअरीच्या गवताची खरी दौलत जमिनीखाली असते. नेब्रास्का विद्यापीठातील प्राध्यापक जॉन वीव्हर यांनी चर खणून या मुळांचा अनेक वर्षे अभ्यास केला. पुरुषभर उंचीच्या गवताची मुळे तितकीच, किंबहुना अधिक खोल गेलेली त्यांना आढळली. हजारो वर्षे ही मुळे कुजून, पुन्हा वाढून, जगातील अत्यंत सुपीक काळी माती तयार झाली होती. हीच सुपीकता प्रेअरीस भोवली. प्रथम त्या चिवट मुळांत लाकडी व बिडाचे नांगर अडत. १८३७ साली इलिनॉय राज्यात जॉन डिअर या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर बनविला. त्याला काळी माती चिकटत नसे. १८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्यांस प्रत्येकी १६० एकर जमीन मिळू लागली. मूळ रहिवाशांस त्यांच्या भूमीवरून हुसकून लावण्यात आले. बायसनांची कत्तल एवढ्या निर्दयपणे झाली की, एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच कोट्यवधींच्या ठिकाणी हजाराच्या आसपास पशू उरले.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाचे भाव चढले आणि कोरड्या पश्चिम भागातील गवतही नांगराखाली गेले. १९३० नंतर पावसाने दगा दिला. गहू जळाला, आणि माती धरून ठेवणारी मुळे तर आधीच उपटून टाकलेली. वारा सुटला की माती आकाशात जाऊ लागली. १४ एप्रिल १९३५ या दिवशी उठलेल्या धुळीच्या वादळाने भर दिवसा काळोख केला. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको व कोलोरॅडो या राज्यांचे जे भाग त्या धुळीत होरपळले, त्यांतील बराचसा प्रदेश गेलार्डियाच्याच माहेरचा. हजारो कुटुंबे घरदार सोडून देशोधडीस लागली. त्याच महिन्यात अमेरिकन सरकारने मृदासंधारणाचे स्वतंत्र खाते स्थापन केले. तेव्हापर्यंत ज्यास लोक नुसते गवत समजत होते, ते गवत आपले काम मुकाट्याने करीत होते. ते काम काय होते, हे गवत गेल्यावर कळले.

उंच गवताच्या प्रेअरीपैकी आज शेकडा चारच्या आसपास भाग शिल्लक आहे. त्यातील मोठा तुकडा कॅन्सस व ओक्लाहोमामधील फ्लिंट हिल्स या टेकड्यांवर आहे. तेथे चकमकीच्या दगडांमुळे नांगर चालला नाही, म्हणून तो वाचला. १९९६ साली त्यातील एका भागास राष्ट्रीय संरक्षण मिळाले. अन्यत्र जुन्या दफनभूमींच्या कोपऱ्यांत आणि रेल्वेच्या रुळांलगत लहान लहान तुकडे उरले आहेत. कारण तेथेही नांगर गेला नाही.

एकट्या फुलाची साक्ष अपुरी

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. टेक्सासच्या रस्त्यांच्या कडेस आजही गेलार्डिया मनमुराद फुलतो. मग प्रेअरी नष्ट झाली असे कसे म्हणावे? याचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. गेलार्डियास मोकळी, उकरलेली जागा आवडते हे आपण पाहिलेच. पूर्वी ती बायसन करून देई. आता रस्ता खणणारी यंत्रे करून देतात. शिवाय त्याचे बी मुद्दाम पेरलेही जाते. लेडी बर्ड जॉन्सन या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने रस्त्याकडेच्या सौंदर्याचा पुरस्कार केला आणि १९६५ साली तसा कायदा झाला. पुढे १९८२ साली त्यांनी टेक्सासमध्ये रानफुलांच्या अभ्यासासाठी एक केंद्रही उघडले. कार्य स्तुत्य खरे; परंतु पेरलेल्या फुलांचा पट्टा म्हणजे प्रेअरी नव्हे.

खरी, न नांगरलेली प्रेअरी ओळखावयाची तर फुलाचे शेजारी पाहावे लागतात. ज्यास होकायंत्री वनस्पती म्हणतात, ते सिल्फियम नावाचे एक झाड आहे. त्याची पाने उभी राहून आपल्या कडा उत्तर-दक्षिण रोखतात. त्याचे मूळ फार खोल जाते आणि पहिले फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. असे झाड नुकत्याच उकरलेल्या जमिनीत येऊच शकत नाही. ते दिसले म्हणजे ही जमीन दीर्घकाळ अस्पर्श राहिली, असे अनुमान निघते. याच विचाराने शिकागोच्या परिसरातील शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात प्रत्येक देशी वनस्पतीस शून्य ते दहा असे गुण देण्याची पद्धत काढली. जी कोठेही उगवते तिला शून्य. जी केवळ अस्पर्श भूमीतच टिकते तिला दहा. मग एखाद्या तुकड्यातील वनस्पतींची यादी करून त्या जमिनीचे मोल ठरवितात. परीक्षा वनस्पतींची आणि गुणपत्रिका मात्र जमिनीची!

या दृष्टीने पाहता, गेलार्डिया आपल्याला आपल्या जागेचे ऊन, वाळू, मोकळेपण सांगतो. त्या जागेचे वय मात्र त्याचे शेजारी सांगतात. फूल ओळखणे आणि वसतिस्थान ओळखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हा या शोधातील सर्वांत मोलाचा धडा आम्हांस वाटतो.

आपल्या दारचा माळ

ही हकीकत येथेच संपावयाची. परंतु ती संपली नाही, कारण दरम्यान वनमहोत्सव जवळ आला. आमच्या शाळेच्या मागे एक खडकाळ माळ आहे. सरकारी कागदांत अशा जमिनीस बहुधा ‘पडीक’ म्हणतात, आणि आम्हीही तसेच म्हणत असू. त्या माळावर खड्डे खणून रोपे लावण्याचे ठरले होते आणि खड्ड्यांच्या जागी चुन्याच्या खुणाही झाल्या होत्या. चार महिन्यांपूर्वी हे काम आम्ही आनंदाने केले असते. आता मात्र मन कचरू लागले. जेथे नुसते गवत आहे ती जागा रिकामी, असेच तर प्रेअरीतील त्या वसाहतवाल्यांनाही वाटले होते!

आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो व विनंती केली की, यंदाची रोपे कुंपणाच्या कडेने व रस्त्यालगत लावावीत आणि माळ एक पावसाळा तसाच राहू द्यावा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एक अट घातली. “तो माळ रिकामा नाही, असे तुमचे म्हणणे असेल, तर तेथे काय आहे ते मला लेखी दाखवा.”

त्या पावसाळ्यात दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही माळावर जात होतो. पहिल्या सरींबरोबर दीपकाडीची पांढरी फुले वर आली. ती कंदातून उगवतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनाशी होतात, त्यामुळे आजवर आम्ही ती कधी पाहिलीच नव्हती. पुढे तेरडा फुलला, कवल्याने पिवळा शिडकावा केला. कुसळी व मारवेल या गवतांची ओळख पटली. कुसळीची ओळख तर आमच्या मोज्यांनीच करून घेतली. परकी मंडळीही नोंदली. रस्त्याकडील बाजूस, जेथे पूर्वी मुरूम उकरला होता, तेथे एकदांडी, घाणेरी आणि गाजर गवत यांची दाटी होती. ही तिन्ही अमेरिका खंडातूनच आलेली. गाजर गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात दिसून आले आणि पाहता पाहता देशभर पसरले. ते गलांड्याच्याच कुलातील आहे. एकाच कुलातील दोन परदेशी. एक तोरणात मानाने बसला आणि दुसऱ्याने शेते व्यापून लोकांच्या अंगास खाज आणली. तेव्हा ‘विदेशी’ हा शब्द निंदेचा नव्हे आणि ‘देशी’ हा केवळ स्तुतीचा नव्हे. दोन्ही शब्द माहितीचे आहेत, आणि माहिती खरी असली पाहिजे.

उकरलेली कड आणि न उकरलेला मधला माळ यांची यादी आम्ही शेजारी शेजारी मांडली. कडेची यादी अर्ध्या पानात आटोपली. माळाची यादी वहीची तीन पाने भरूनही अपुरी राहिली. मुख्याध्यापकांनी ती वही दोनदा वाचली आणि चुन्याच्या खुणा पुसून टाकण्यास सांगितले. रोपे कुंपणाच्या कडेने लागली असून ती चांगली धरली आहेत. माळ तसाच आहे.

आपल्या देशातील माळरानांची कहाणी प्रेअरीहून फारशी निराळी नाही. माळढोक हा माळरानाचा राजा पक्षी. त्याच्यासाठी सोलापूरनजीक नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले. तथापि आज साऱ्या देशात या पक्ष्यांची संख्या दीडशेच्या आसपास उरली आहे असे सांगतात. जंगल तुटले की त्याचा आवाज होतो. माळ मोडला तर त्याचा आवाजही होत नाही, कारण तेथे काही होते हेच कोणी मान्य केलेले नसते.

वाचकांनी यंदाच्या पावसाळ्यात आपल्या घराजवळील एखादा गवताळ तुकडा निवडावा, दर आठवड्यास एकदा तेथे जावे आणि जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवावे. नाव ठाऊक नसल्यास चित्र काढावे. फूल तोडण्यापूर्वी त्याचे शेजारी मोजावेत.

यंदाच्या प्रदर्शनात गलांडा पुन्हा मांडला होता. त्याच्यापुढील चिठ्ठी आम्ही नव्याने लिहिली: ‘गलांडा. सूर्यफुलाचे कुल. माहेर: दक्षिण प्रेअरी, उत्तर अमेरिका. सध्याचा पत्ता: आपले अंगण.’ त्याच्या शेजारच्या बाटलीत दीपकाडी ठेवण्याचा मोह झाला होता. परंतु ती माळावरच राहू दिली आणि बाटलीच्या जागी तिचे चित्र लावले. ते वृद्ध गृहस्थ यंदाही आले होते. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि माळाकडे जाण्याची वाट विचारली.